खालचे तीन

पोलीस बँडच्या स्टोअर रजिस्टरात कारकुनानं लिहिलं होतं:
'बसून. एक नग. नादुरुस्त.'
खोब्रागडे मास्तर म्हणायचे,
बरोबरच लिवलं नं त्यानं, छत्तीस वर्षं बसूनच वाजवला.
निवृत्तीच्या वर्षी लिलाव झाला,
साडेतीनशे रुपयांत त्यांनीच सोडवून आणला.

दोन उन्हाळ्यांमागे बासूनचं लाकूड तडकलं,
पारा शेहेचाळीसवर, ओला पंचा गुंडाळलेला असताना.
आता तो गड्डीगोदामच्या खोलीत
दारामागे छत्रीसारखा उभा असतो,
आणि मी त्यांच्या वहीतले एकवीस तुकडे
माझ्या बास क्लॅरिनेटसाठी उतरवते आहे.

उतरवणं म्हणतात, पण चढवावं लागतं.
त्यांचा सी माझ्या कागदावर डी,
त्यांचा एफ माझा जी.
लिहायचं एक, वाजायचं दुसरंच.
याची मला सवय आहे:
फळ्यावर मी 'पळत आहेत' लिहिते
आणि घंटा झाली की पोरींना ओरडते,
काहून पळून राहिल्या गं?

जिथं ते उंच गेले, टेनर क्लेफमध्ये,
तिथं काहीच हलवावं लागलं नाही.
ती क्लेफ खोडली, ट्रेबल काढली, दोन शार्प वाढवले,
नोटा जागच्या जागी.
घर तेच, दारावरची पाटी नवी.
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता,
सांगायला कुणी नव्हतं,
उरलेली सांबारवडी ओट्याशी उभ्यानं खाल्ली.

अडलं ते पत्तीपाशी.
त्यांच्या ओठांत दोन पत्त्या, एकमेकींना घासणाऱ्या,
म्हणून बासून बोलताना कुरकुरतो,
दमेकरी म्हाताऱ्यानं विनोद सांगावा तसा.
माझी एकटी पत्ती गोल बोलते,
विनोद सांगते, पण खोकत नाही.
मी टिंबं वाढवली, कमानी तोडल्या,
सहाव्या तुकड्यात दोनदा लिहिलं: कोरडं.

आणि खालचे तीन.
माझं वाद्य जुनं, आखूड;
सी, बी, बी फ्लॅट त्याच्या पोटातच नाहीत.
सी एक सप्तक वर नेला, बी तसाच,
पण चौदावा तुकडा त्या बी फ्लॅटवर संपतो,
चार मात्रा, वर थांब्याची खूण.
तो वर नेला की
आपण विहिरीत वाकून हाक मारावी
आणि ओ गच्चीवरून यावी, असं होतं.

तीन आठवडे ती जागा कोरी ठेवली.
रविवारी वही घेऊन गेले.
कूलर घरघरत होता, खाली परातीत पाणी ठिबकत होतं.
मी वाजवलं. शेवटाला थांबले.
मास्तर, तुमचा बी फ्लॅट माझ्याकडे नाही.

त्यांनी कानातलं मशीन काढलं,
बनियनला पुसलं, परत घातलं.
माझ्याकडे तरी कुठं होता, म्हणाले.
ती चावी एकोणऐंशीपासून गळून राहिली होती.
मी नुसते गाल फुगवायचो.
युफोनियमवाला सहारे भरायचा, दर वेळी, न सांगता.
साहेब म्हणायचे, वा खोब्रागडे, काय खर्ज आहे!
मी सलाम ठोकायचो.
सहारे गेला तेव्हा त्याच्या बायकोला सांगणार होतो.
तिनं चहा आणला मग.

ते पुढं बोलले नाहीत. कूलर बोलत होता.

घरी येऊन चौदाव्याच्या शेवटी
मी तो स्वर लिहिला,
माझ्या कागदावरचा खालचा सी, माझ्या वाद्यात नसलेला.
कंसात नाही, बारीक अक्षरातही नाही.
आणि वर, वाद्याचं नाव लिहितात तिथं: सहारे.

पंधराव्यात सगळे स्वर आहेत माझ्याकडे,
पण दोन ओळी वाळवीनं खाल्ल्यात.